नऊ फूट जास्त

“गायकवाड, हे नऊ फूट कुठून आणलेत?”

प्रधान सरांनी माझं जर्नल माझ्याकडं वळवून धरलं. लाल पेन त्यांच्या दुसऱ्या हातात होतं, पण त्याचं टोपण काढलेलं नव्हतं. सही होत नाही हे तेवढ्यावरूनच कळलं.

“जमिनीतून आणलेत सर,” मी म्हणालो.

मागं कोणीतरी हसलं. मी विनोद केला नव्हता. मोजणीदार माणूस आकडा जमिनीतूनच आणतो. दुसरीकडून आणला तर नोकरी जाते.

“आपल्या नकाशात ग्राउंडची दक्षिण बाजू तीनशे तीस फूट आहे. तुमची तीनशे एकोणचाळीस. बाकी सगळ्या बॅचेसच्या बाजू नकाशाशी फुटाफुटानं जुळल्यात.”

“मी मोजलंय सर.”

“त्यांनीही मोजलंय.”

त्यांनी मोजलं नव्हतं. कॉलेजात ग्राउंडचा एक जुना नकाशा होता, सायक्लोस्टाइल केलेला. तो दर वर्षी पुढच्या वर्गाकडं जायचा. पोरं लिंबाच्या सावलीत बसून त्यावरचे आकडे उतरवायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांना होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

“परत करा,” सर म्हणाले. “आणि गायकवाड, इथं तुम्ही सर्व्हेअर नाही. रोल नंबर त्रेचाळीस आहात.”

आता मी कोण आणि चाळिशीला टेकलेला माणूस त्या बाकावर काय करत होता, ते सांगतो.

मी जमीन मोजणी खात्यात भूकरमापक होतो. लोकांच्या भाषेत मोजणीदार. दोन भावांची वाटणी झाली, बांधावरून भांडण लागलं, कोणी जमीन विकली, की आम्हाला बोलावणं येतं. आम्ही साखळी टाकून रान मोजतो आणि हद्द कुठं आहे ते दाखवतो. साखळी म्हणजे लोखंडी कड्यांची खरीखुरी साखळी, दोन्ही टोकांना पितळी मुठी. ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळानंतरची. तेव्हा खात्यात मीटर आले होते, पण जुने कागद फुटातलेच होते आणि माणसंही.

आमचं गाव निमोणे. वडील, म्हणजे आप्पा, गावकीच्या कामात होते. जुन्या काळी मोजणीचा साहेब घोड्यावर यायचा आणि आप्पा साखळीचं टोक धरून काट्याकुट्यातून पळायचे. हद्दीचे दगड साहेबाला तेच दाखवायचे. त्यांनी हात लावलेली साखळी साहेबाला चालायची, पाण्याचा तांब्या चालायचा नाही. मी मॅट्रिक झालो आणि त्याच खात्यात लागलो, पण वही-पेन्सिलीच्या बाजूनं. आप्पांना याचा इतका आनंद झाला की ते महिनाभर गावात माझा हुद्दा दोन पायऱ्या वाढवून सांगत होते.

पुढची पायरी मात्र खरोखर चढायची तर डिग्री लागत होती. खात्याच्या वरच्या परीक्षेला पदवीधरालाच बसू द्यायचे, आणि त्याला वयाची अट होती. माझ्या हिशेबानं हातात एकच संधी उरली होती. हे झालं ऑफिसातलं कारण. घरातलं कारण वेगळं. आमच्या घरातला पहिला मॅट्रिक मी होतो आणि पहिला ग्रॅज्युएटही मलाच व्हायचं होतं. माझा थोरला तेव्हा नववीत होता आणि भलताच हुशार निघाला होता. काही मान असे असतात, की ते पोटच्या पोरालाही आधी घेऊ द्यायचे नसतात.

शिरूरच्या कॉलेजात सकाळचे वर्ग होते. सात ते साडेदहा कॉलेज, पावणेअकराला ऑफिस. पहिली दोन वर्षं निभावली. विषय भूगोल घेतला, कारण त्यात मोजणीचं प्रॅक्टिकल होतं. म्हटलं, एवढे मार्क तर घरचेच आहेत. तिसऱ्या वर्षाला बसलो आणि दौंडला बदली झाली.

बिऱ्हाड शिरूरलाच ठेवलं. मी दौंडला स्टेशनजवळ एक खोली घेतली. शनिवारी दुपारी एसटीनं न्हावऱ्यावरून शिरूर, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. प्राचार्य चांगले होते. “लेक्चरच्या हजेरीचं मी बघतो,” म्हणाले. “प्रॅक्टिकल मात्र चुकवायचं नाही.” नोकरदारांसाठी त्यांनी रविवारी सकाळी वेगळी बॅच लावली. त्यात पोस्टातले दोघं होते, झेडपीचा एक क्लार्क होता, प्राथमिक शाळेतले पवार गुरुजी होते आणि मी.

प्रॅक्टिकल म्हणजे नुसतं मोजणं नव्हे. मोजलेलं जर्नलमध्ये लिहायचं, आकृती काढायची आणि त्यावर सरांची सही घ्यायची. जर्नल पूर्ण सह्यांचं असेल तरच परीक्षेला बसू देतात. एका पानावर सही नसली तर वर्ष गेलं. माझं वर्ष गेलं असतं तर वयाची मर्यादाही उलटली असती. म्हणून ते नऊ फूट जड होते.

त्याच्या आदल्या रविवारी काय झालं ते असं.

आमच्या बॅचला ग्राउंडची दक्षिण बाजू आली होती. पश्चिमेला रस्ता, पूर्वेला रभाजी आबांचं रान. रस्त्याकडच्या दगडापासून आबांच्या बांधातल्या दगडापर्यंत मोजायचं. नामदेव शिपायानं साखळी आणून दिली. शंभर फुटी, शंभर कड्यांची. पवार गुरुजींनी एक टोक धरलं, मी दुसरं. तीन साखळ्या पूर्ण पडल्या आणि वर एकोणचाळीस कड्या. तीनशे एकोणचाळीस. मी वहीत लिहिलं.

रभाजी आबा बांधावर उकिडवे बसले होते. मी शिरूरला असताना त्यांच्या भावकीची मोजणी मीच केली होती, त्यामुळं ओळख होती.

“काय भरलं, मोजणीदार?”

आमच्या खात्याची एक रीत आहे. मोजणी झाली की तिथंच, जागेवर, दोन्ही बाजूंच्या माणसांना काय निघालं ते सांगायचं. चोरून सांगितलं असं कोणी म्हणू नये म्हणून मोठ्यानं सांगायचं. पंधरा वर्षं मी हेच करत आलो होतो. समोर शेतकरी, हातात वही, आणि प्रश्न आला. तोंडातून उत्तर गेलं.

“आबा, नऊ फूट जास्त भरतंय.”

“कुणाचं जास्त?”

“कॉलेजचं. तुमच्या अंगाला सरकलंय बहुतेक.”

आबा काही बोलले नाहीत. तंबाखू थुंकून ते उठले, धोतर झाडलं आणि घराकडं गेले. शेतकरी आरडाओरडा करायला लागला तर समजावं, विषय संपला. न बोलता उठला तर काम सुरू झालंय.

पवार गुरुजी मला म्हणाले, “गायकवाड, तीनशे तीस लिहून टाका. मुलांचं शुद्धलेखन तपासायचं सोडून आलोय मी.”

“गुरुजी, पंधरा वर्षांत माझी एक मोजणी निमतान्यात फिरलेली नाही.” निमताना म्हणजे फेरमोजणी. आमची मोजणी पटली नाही तर माणूस अर्ज करतो, मग वरचा अधिकारी येऊन परत मोजतो. माझी मोजणी कधीच फिरली नव्हती. हे मी त्या काळात दिवसातून दोनदा तरी कोणाला ना कोणाला सांगायचो.

तर त्या रविवारी सरांनी जर्नल परत केलं. मी ते उचलतोय, तेवढ्यात नामदेव दारात आला.

“सर, वालीबॉलच्या ग्राउंडात काट्या पडल्यात.”

“कसल्या काट्या?”

“बाभळीच्या. रभाजी आबा कुंपान घालतोय.”

आम्ही सगळे बाहेर धावलो. ग्राउंडच्या पूर्व बाजूला, बांधापासून मोजून नऊ फूट आत, आबांनी मेखा ठोकल्या होत्या आणि त्यावर बाभळीच्या फांद्या रचत होते. कुंपण व्हॉलीबॉलच्या कोर्टातून गेलं होतं. सर्व्हिस करणारा पोरगा आता आबांच्या रानात उभा राहिला असता.

“अहो आजोबा, हे काय चाललंय?” सर म्हणाले. सर पुण्याचे. वय पंचवीस-सव्वीस. नोकरी टेम्पररी.

“माझ्या रानात हाय मी. तुमी कोन?”

“मी इथं प्रोफेसर आहे.”

“मंग शिकवा की. म्या कुटं आडवलंय?” आबांनी माझ्याकडं बोट केलं. “सरकारी मोजणीदारानं मोजलंय. ह्यो उभा हाय म्होरं. इचारा.”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी बाभळीकडं पाहिलं.

बुधवारी दौंडला मोहिते साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मोहिते साहेब आमचे वरिष्ठ. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळं जास्त भीती वाटायची. टेबलावर शिरूर ऑफिसचं पत्र होतं. आबांनी तिथं अर्ज दिला होता आणि अर्जात माझं नाव हुद्द्यासकट होतं.

“गायकवाड, तुमची नेमणूक कुठं आहे?”

“दौंडला, साहेब.”

“मग शिरूरला मोजणी कोणाच्या अर्जावर केलीत?”

“अर्ज नव्हता साहेब. प्रॅक्टिकल होतं.”

“लगतच्या शेतकऱ्याला नोटीस?”

“तो बांधावरच बसला होता.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “अर्जाशिवाय मोजणी. नोटिशीशिवाय मोजणी. आपल्या तालुक्याबाहेर मोजणी. आणि वर तोंडी हद्द दाखवली. एका रविवारात चार कामं. इथं आठवड्यात एवढी होत नाहीत तुमची.”

त्यांनी चष्मा परत घातला.

“मला सोमवारी उत्तर पाठवायचंय. तुमची मोजणी चुकली असं तरी लिहीन, नाहीतर तुम्ही बिनहुकमी मोजणी केलीत असं लिहीन. कोणतं ते तुम्ही ठरवा. दोन्हीत नाव तुमचंच आहे.”

शनिवारी शिरूरला उतरलो तो आधी तिथल्या ऑफिसात गेलो आणि जुनं टिपण काढून पाहिलं. टिपण म्हणजे पहिल्या मोजणीचा कच्चा नकाशा, आमच्या खात्यातला सगळ्यात मोठा पुरावा. त्यात ती बाजू दहा साखळ्या लिहिलेली होती. जुनी साखळी तेहतीस फुटी. म्हणजे तीनशे तीस.

म्हणजे कागद तीनशे तीस म्हणतो, कॉलेजचा नकाशा तीनशे तीस म्हणतो. मी तीनशे एकोणचाळीस म्हणतो. शहाण्या माणसाला इथं स्वतःचा संशय यायला हवा होता. मला कॉलेजचा आला. म्हटलं, कंपाउंड घालताना कोणीतरी दगड हलवला असणार.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

“तीनशे तीस लिहिलं तर सही हुतीया का?”

“होईल.”

“मग लिवा की.”

“खोटं लिहू?”

“तीन वर्षं झाली ह्या कॉलेजाला, औंदा तर आठवड्याला एकदा घरी येताय. नऊ फुटासाठी चवथं वर्ष काढायला मी न्हाई.”

तिचं बरोबर होतं. पण मी बरोबर आहे याची मला तिच्यापेक्षा जास्त खात्री होती.

रविवारी आठ वाजता ग्राउंडवर सगळे जमले. प्राचार्य, प्रधान सर, पवार गुरुजी, नामदेव, आमची बॅच, आणि कुंपणाच्या पलीकडं रभाजी आबा. आबांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. जमीन परत मिळायची म्हणून असेल.

प्राचार्य म्हणाले, “गायकवाड, सगळ्यांदेखत एकदा मोजा. जे निघेल ते मी संस्थेला कळवतो. तुमच्या ऑफिसलाही तसंच पत्र देतो. पण मला कोर्टकचेरी नको.”

आधी दोन्ही दगडांच्या भोवती उकरलं. दगड खोल होते, जागचे हललेले दिसत नव्हते. मग साखळी टाकली. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला या वेळी स्वतः प्रधान सर. दर साखळीला ओणवं होऊन कडी न् कडी ताणून घेतली. एक. दोन. तीन. आणि वर एकोणचाळीस.

तीनशे एकोणचाळीस.

आबा प्राचार्यांना म्हणाले, “आता बोला.”

प्राचार्य म्हणाले, “ठीक आहे. संस्थेला लिहावं लागेल. आपली हद्द मागं घ्यायची म्हणजे व्हॉलीबॉलचं कोर्टही हलवावं लागणार.”

प्रधान सरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी वर्षभर तो जुना नकाशा घेऊन शिकवलं होतं. पण माणूस सरळ होता. माझ्याजवळ येऊन म्हणाले, “गायकवाड, माझीच चूक झाली. जर्नल द्या, आत्ता सही करतो.” आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

खरं सांगतो, त्या वेळी मला फार बरं वाटलं. पंचवीस वर्षांच्या मास्तरनं रोल नंबर त्रेचाळीस म्हटलेलं सगळं वसूल झालं. “देतो सर, एवढी साखळी गोळा करतो,” असं मी ऐटीत म्हणालो. एरवी साखळी नामदेव गोळा करायचा, तोही दोर गुंडाळावा तशी. पण तो आबांशी बोलत होता.

साखळी गोळा करायची आमची एक पद्धत आहे. साखळीच्या बरोबर मध्यावर एक गोल पितळी बिल्ला असतो. तिथून सुरुवात करायची. दोन्ही बाजूंच्या कड्या जोडीजोडीनं हातात घ्यायच्या, एक इकडची, एक तिकडची. मध्यापासून दोन्हीकडं पन्नास-पन्नास कड्या असतात, म्हणून शेवटी दोन्ही मुठी एकदम हातात येतात. हे डोळे मिटून जमतं. मी प्राचार्यांशी बोलत बोलतच गोळा करत होतो.

एक मूठ हातात आली. दुसरी आली नाही.

मी खाली पाहिलं. दुसऱ्या बाजूच्या तीन कड्या अजून लोंबत होत्या.

मी साखळी परत पसरली आणि बिल्ल्याबिल्ल्यानं मोजली. दर दहा कड्यांना एक बिल्ला असतो. एका जागी दोन बिल्ल्यांच्या मध्ये सातच कड्या होत्या. त्यांतला एक जोड नवा होता, छान ठोकून गोल केलेला. शंभर फुटी साखळी सत्याण्णव फुटांची होती. छोट्या साखळीनं मोजलं की जमीन मोठी भरते. तीन साखळ्या टाकल्या, दर साखळीला तीन फूट. शेवटच्या एकोणचाळीस कड्या धड बाजूच्या होत्या. नऊचे नऊ फूट माझ्या हातात होते.

वर पाहिलं तर कोणाचंच लक्ष नव्हतं. प्राचार्य आबांशी तारखेचं बोलत होते. सर पेन उघडून उभे होते. मी साखळी गुंडाळून नामदेवाच्या हातात दिली असती तर ती पुढच्या वर्षापर्यंत कपाटात गेली असती, आणि मी परीक्षेला. हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी लिहिणार नाही. आला. पण रभाजी आबांना जे नऊ फूट मी तोंडानं दिले होते ते आता कॉलेज कागदावर देणार होतं. आणि मोजणीदाराचं चुकीचं माप कागदावर गेलं की तीन पिढ्या भांडतात. पंधरा वर्षं मी तीच भांडणं तर निस्तरत होतो.

“सर, सही थांबवा.”

“आता काय झालं?”

“साखळी तीन फूट कमी आहे. मोजणी माझी चुकली.”

सर साखळीवर वाकले. त्यांनी दोनदा कड्या मोजल्या. मग आत जाऊन त्यांनी कपाटातून एक कोरा कापडी टेप आणला. दोन वर्षांपूर्वी घेतलेला होता. खराब होईल म्हणून कोणाला दिला नव्हता. टेपनं साखळी सत्याण्णव निघाली. मग टेपनंच बाजू मोजली. तीनशे तीस.

“नामदेव, ही साखळी कधी तुटली होती?” प्राचार्यांनी विचारलं.

“गॅदरिंगला फाटक बांधलं व्हतं न्हवं तिनं,” नामदेव म्हणाला. “पब्लिकनं रेटा दिला आन् तुटली. म्या लोहाराकडनं जोडून आणली. त्यो म्हनला तीन कड्या गंजल्यात, काढून टाकतो. म्हनलं काढ. शंभरात तीन काय कळतंय.”

आबा पुढं आले. “मोजणीदार, दोन येळा मोजलं तुम्ही. दोन्ही येळंला माझं नऊ फूट व्हतं.”

“आबा, साखळीत तीन कड्या कमी हायेत.”

“मंग कड्या कमी हायती तर कड्या घाला. माझं रान का कमी करताय?”

याला आमच्या मॅन्युअलमध्ये उत्तर नाही. मी त्यांना बांधावर बसवलं, साखळी मांडीवर दिली आणि मोजायला सांगितलं. त्यांनी एकेक कडी बोटानं सरकवत मोजली. सातावर थांबले. मग नामदेवाला म्हणाले, “नाम्या, तुज्या लोहारानं नऊ फूट रान गिळलं माझं.” मला म्हणाले, “आन् तुम्ही सायेब. मोजायच्या आदी जीभ मोजत जावा.”

मी म्हणालो, “बरोबर आहे तुमचं.”

अर्ज मागं घ्यायला ते तयार झाले, पण एका अटीवर. दिवसभर राबून तोडलेल्या बाभळी ते परत वाहून नेणार नव्हते. त्या ज्यांनी नऊ फूट काढले त्यांनी नेऊन त्यांच्या गोठ्यापाशी टाकायच्या. मग पोस्टातले दोघं, झेडपीचा क्लार्क, पवार गुरुजी आणि मी, सगळ्यांनी फांद्या ओढल्या. प्रधान सरही आले. त्यांच्या बोटात काटा गेला आणि आबांनी तो सुईनं काढून दिला. काढताना विचारलं, “पगार किती हाय?” आकडा ऐकून म्हणाले, “मंग एवडं शिकून काय केलं?”

परत येताना सर म्हणाले, “गायकवाड, साखळी मोजणीच्या आधी तपासून घ्यायची असते, हे मी पहिल्याच लेक्चरला शिकवलं होतं.”

“त्या दिवशी मी दौंडला होतो सर.”

“हजेरी आहे तुमची.”

“हजेरी आहे,” मी म्हणालो.

आता खरी गोष्ट अशी, की त्या लेक्चरचा विषय मला आधी कळला होता. विषय होता साखळी मोजणीची ओळख. एक दिवस रजा काढून येता आलं असतं. मी म्हटलं, साखळीची ओळख आम्हाला काय करून देणार. आमच्या ऑफिसच्या आवारात दोन दगड पुरलेले असतात, बरोबर मापावर. रोज सकाळी साखळी त्या दगडांना लावून तपासल्याशिवाय आमचा माणूस शेतात जात नाही. न तपासता साखळी घेऊन आलेल्या चेनमनला मी स्वतः परत पाठवलेलं आहे. कॉलेजात शिपायानं दिलेली साखळी मी मुकाट्यानं घेतली. तिथं मी विद्यार्थी होतो ना. आणि आकड्यावर भांडायची वेळ आली तेव्हा मोजणीदार झालो.

सरांनी त्या दिवशी सही केली नाही. “पान परत लिहा,” म्हणाले. “दोन्ही आकडे लिहा. चूक कशी झाली, कशी सापडली, सगळं.” चार पानं झाली. परीक्षेचे फॉर्म भरायच्या शेवटच्या रविवारी त्यांनी त्यावर सही केली, आणि साखळीवर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी बांधून ती कपाटात ठेवली. टेप बाहेर आला.

मोहिते साहेबांनी शिरूरला काय उत्तर पाठवलं ते मला दाखवलं. दोन ओळींचं होतं. मोजणी शैक्षणिक होती, मापात चूक होती, अर्जदारानं अर्ज मागं घेतला आहे. मेमो काढला नाही. माझ्याकडून मात्र लेखी घेतलं, की तालुक्याबाहेर कोणी काय भरलं विचारलं तर उत्तर देणार नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मी पेढे घेऊन केबिनमध्ये गेलो.

“क्लास?” साहेबांनी विचारलं.

“सेकंड, साहेब.”

“वा. मोजणीच्या प्रॅक्टिकलला किती?”

“वीसपैकी अकरा.”

साहेबांनी पेढा हातातच ठेवला. “पवार गुरुजी म्हणून सांगत होतात, त्यांना किती?”

“सतरा.”

“त्यांनी काय मोजलं?”

“परीक्षेत त्यांना उत्तर बाजू आली होती. त्यांनी पुस्तकात दिलंय तसं वहीत लिहिलं. मी आपल्या टिपणासारखं लिहिलं. बाहेरच्या परीक्षकांना ते वाचता आलं नाही.”

“मला तरी कुठं येतं,” साहेब म्हणाले आणि त्यांनी पेढा खाल्ला.

खात्याच्या परीक्षेला मी त्याच वर्षी बसलो आणि पास झालो. निमतानदार झालो. म्हणजे दुसऱ्यांच्या मोजण्या तपासायचं काम मिळालं. आप्पांनी गावात सांगताना या वेळी हुद्दा वाढवला नाही. निकालाचा कागद त्यांनी फ्रेम करून लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझा क्लास सांगितला. प्रॅक्टिकलचे मार्क त्या कागदावर नव्हते.

कामाला लागलेल्या माणसानं परत शाळेत जावं की नाही, असं मला अजूनही कोणी कोणी विचारतं. जावं. फक्त जो विषय आपल्याला येतो त्याचं पहिलं लेक्चर चुकवू नये.